डायन प्रीटी यांची मागणी



इंग्लंडमधल्या लुटनच्या डायन प्रीटी यांना मोटर न्यूरॉन आजार होता. यात एकेक स्नायू निकामी होत जातो. 43 व्या वर्षी मानेखालचं सारं शरीर लुळं पडलेलं, बुद्धी मात्र लख्ख. श्वास कोंडून मरण येईल, ही त्यांची भीती. पती ब्रायन यांनी मरायला मदत केली तर त्यांच्यावर खटला भरू नये, एवढीच हमी त्या सरकारकडे मागत होत्या. तिथे 1961 पासून आत्महत्या हा गुन्हा नाही. तिला मदत करणाऱ्याला मात्र 14 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. धडधाकट माणसाला जे करता येतं ते मला अपंगत्वामुळे करता येत नाही, हा भेदभाव आहे, असं डायन यांचं म्हणणं.

मायदेशी त्या हरल्या. स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयानंही 29 एप्रिल 2002 रोजी एकमतानं नकार दिला. जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही, आणि दुबळ्यांवर दबाव येऊ नये म्हणून सरकार अशी बंदी घालू शकतं, असं न्यायालय म्हणालं. ही धास्ती खोटी नव्हे. घरच्यांना आपला भार होतो म्हणून जीव नकोसा झालेले वृद्ध आपल्या ओळखीतही असतात.

पण त्याच वर्षी मार्चमध्ये लंडनच्या हायकोर्टानं ‘मिस बी’ या 43 वर्षांच्याच स्त्रीला व्हेंटिलेटर बंद करून घ्यायची मुभा दिली होती. यंत्राच्या आधारानं त्या कितीतरी वर्षं जगल्या असत्या. उपचार नाकारणं हा हक्क, मरायला मदत करणं हा गुन्हा! डायन यांच्यापाशी बंद करायला यंत्रच नव्हतं. मला हा फरक कायद्यात समजतो, माणुसकीत पटत नाही.

स्ट्रासबर्गच्या निकालानंतर 12 दिवसांनी, श्वासाचा त्रास होऊन, डायन गेल्या.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये सन्मानानं मरण्याचा हक्क मान्य केला, तोही उपचार थांबवण्यापुरताच. डायन मुंबईत असत्या तरी हरल्याच असत्या.

इंग्लंडमध्ये 2009 साली अशाच गंभीर आजारी डेबी पर्डी यांनी कोर्टात लढून एवढं मिळवलं, की खटला कधी भरायचा याचे निकष सरकारी अभियोक्त्यानं लेखी जाहीर करावेत. ते पुढच्या वर्षी आले. निव्वळ करुणेपोटी केलेली मदत खटल्याविरुद्धचा मुद्दा ठरली. ब्रायनसारख्या जोडीदाराला एवढं तरी आधी कळायला हवं, आपल्याकडेही.