वीज गेली तरी न विसरणाऱ्या कड्या

कुळगाव-बदलापूरच्या नववी-दहावीतल्या मित्रांनो, लाइट गेली की संगणकावरचा सेव्ह न केलेला निबंध का जातो? रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एका सूक्ष्म कपॅसिटरमधला विद्युतभार. तो सतत गळतो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत पुन्हा भरावा लागतो. वीज थांबली, की भरणंही थांबतं.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली पूर्ण झालेल्या ‘टिफ्रॅक’ या संगणकाची स्मृती मात्र फेराइटच्या इवल्या कड्यांची होती. कडीच्या चुंबकत्वाची दिशा म्हणजे शून्य किंवा एक. वीज नसतानाही ती टिकते. ४० बिटांचे २०४८ शब्द, म्हणजे अवघे १० किलोबाइट! एवढ्याशा जागेत आपल्या शास्त्रज्ञांनी गणितं सोडवली, याचा मला फार अभिमान वाटतो. शिक्षकांनो, हा गुणाकार मुलांकडूनच फळ्यावर करून घ्या.