पाऊस उघडल्यावरचे पाणी

चार दिवस कोसळणारा पाऊस एकदाचा उघडतो, पुसटसे ऊन पडते, आणि माणूस घराबाहेर पडून आधी कुठे जातो? नदीवर, पाणी बघायला! वर्षाकाठी जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पाहणाऱ्या आपल्या सोलापूर जिल्ह्यात दुथडी भरलेली नदी ही अपूर्वाईच. तथापि खरा धोका ह्याच वेळी असतो.

आभाळ निवळले म्हणजे नदी उतरली, असे आपण धरून चालतो. पण आपल्या नद्यांचे पाणी आपल्याच आभाळातून थोडेच येते? सीना उगम पावते अहिल्यानगर जिल्ह्यात. २०२५ च्या सप्टेंबरात तिच्या वरच्या अंगाला धो धो पाऊस झाला आणि इकडे करमाळा, माढा, मोहोळ तालुक्यांतली काठची गावे पाण्यात गेली. लांबोटीजवळ सोलापूर-पुणे महामार्गावरची वाहतूक बंद ठेवावी लागली. भीमेचेही तेच. उजनीतून सोडलेले पाणी आणि नीरेवरच्या वीर धरणाचे पाणी नरसिंहपूरच्या संगमावर एक होते, मग पंढरपूर गाठते. पंढरपुरात लख्ख ऊन असले तरी ते पाणी वाटेवर असते. म्हणून दवंडी वा ध्वनिक्षेपकाची सूचना ऐकून वर आभाळाकडे बघू नका. गुरे सोडा आणि उंचवट्यावर न्या.

आता फरशी पूल. "गुडघाभर तर पाणी आहे," म्हणून दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल आत घातली जाते. वाहते पाणी गुडघ्याला लागले की धडधाकट गड्याचे पाय उचलते. दोन फुटांत जीपसुद्धा तरंगते. शिवाय गढूळ पाण्याखाली फरशी शाबूत आहे की वाहून गेली, हे कोणाला दिसते? काठाशी एक दगड ठेवावा. तो बुडाला तर पाणी चढते आहे. उघडा पडला तरी फरशी पुरती दिसेपर्यंत थांबावे. दूध नासले तर नासू द्या.

शिक्षकबंधूंना एक विनंती. ओढ्यापलीकडच्या वस्तीवरची मुले कोणती, ह्याची यादी पावसाळ्यापूर्वीच करून ठेवा. ओढा फुगला तर ती त्या दिवशी आली नाहीत म्हणून रागावू नका. शाळेत असतील तर घरचे माणूस येईपर्यंत सोडू नका. हजेरीपटाची काळजी मागाहून करता येईल.

पाणी ओसरल्यावरही घाई नको. भिजलेली भिंत केव्हा बसेल, सांगता येत नाही. १४ ऑक्टोबर २०२० रोजी पंढरपुरात कुंभार घाटाजवळ भिंत कोसळून सहा माणसे गेली. मातीच्या माळवदाच्या घरात भेगा पडल्या असतील, तर ऊन पडले तरी आत निजू नये. अडगळीत सापविंचू असतात. काठीने चाळवल्याशिवाय हात घालू नका. नदीकाठच्या मोटारीचा स्टार्टर वायरमनने पाहिल्याखेरीज दाबायचा नाही. विहिरीत पुराचे पाणी शिरले असेल, तर आरोग्यसेवकाकडून टीसीएल पावडर टाकून घ्यावी आणि तो "आता चालेल" म्हणेपर्यंत पाणी उकळून प्यावे.