गाझातील हरितगृहे आणि अर्धी गोष्ट

(‘पश्चिम आशिया : दुःखाचे दायित्व कोणाचे?’ या विषयावर एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



इस्रायल-पॅलेस्टाईन संघर्षावर कोणी बोलायला उभे राहिले की निम्म्या श्रोत्यांना वक्ता काय बोलणार हे आधीच ठाऊक असते आणि उरलेल्या निम्म्यांना त्याने काय बोलावे हे ठाऊक असते. आज माझ्यापुढे बहुधा पहिल्या प्रकारचे श्रोते अधिक आहेत. इस्रायलविषयी आपल्याला आत्मीयता आहे, ती लपविण्याचे कारण नाही. ज्यूंचा छळ ज्या भूमीवर फारसा झाला नाही, अशी ही आपली भूमी. कोकणात शतकानुशतके तेलाचे घाणे चालविणारे, शनिवारी काम बंद ठेवतात म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले जाणारे बेने इस्रायली आज अश्दोद, दिमोना, बेरशेबा अशा गावांत राहतात आणि त्यांच्यातील वडीलधारी मंडळी घरात अजूनही मराठी बोलतात. गाझातून अग्निबाण सुटतात तेव्हा अश्दोदमध्ये भोंगा वाजतो आणि आपल्याच भाषेत मुलांना हाका मारीत कोणीतरी आसऱ्याच्या खोलीकडे धावते. तेव्हा हा विषय आपल्याला परका नाही. पण आत्मीयता असली की गोष्ट अर्धी सांगण्याचा मोह होतो. त्या मोहात मी स्वतः कित्येक वर्षे होतो, हे प्रारंभीच कबूल करतो.

ती गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. २००५ साली पंतप्रधान एरियल शेरॉन यांनी गाझा पट्टीतील सर्व २१ ज्यू वसाहती रिकाम्या करण्याचा निर्णय अमलात आणला. आठ हजारांहून अधिक ज्यूंना त्यांच्याच सैनिकांनी घरांतून बाहेर काढले. काही सैनिकांच्या डोळ्यांत पाणी होते. ती छायाचित्रे साऱ्या जगाने पाहिली. १२ सप्टेंबर २००५ रोजी शेवटचा इस्रायली सैनिक गाझातून बाहेर पडला. गुश कातिफच्या वाळूत या मंडळींनी हरितगृहांची शेती फुलविली होती. चेरी टोमॅटो, ढोबळी मिरची, किडीचा स्पर्शही नसलेल्या पालेभाज्या तेथून युरोपच्या बाजारात जात. ही हरितगृहे पॅलेस्टिनींना मिळावीत म्हणून जागतिक बँकेचे माजी अध्यक्ष जेम्स वुल्फेन्सन यांनी खासगी दात्यांकडून सुमारे १ कोटी ४० लक्ष डॉलर जमविले. त्यांत अमेरिकेतील ज्यू धनिकांचा पैसा होता आणि वुल्फेन्सन यांच्या स्वतःच्या खिशातील पाच लक्ष डॉलरही होते. आणि सैन्य बाहेर पडताच काय झाले? जमाव आत घुसला. पाण्याचे पंप, ठिबकच्या नळ्या, प्लास्टिकचा कागद, जे हाती लागले ते लोकांनी उचलून नेले. पॅलेस्टिनी पोलीस पाहत राहिले.

येथे मी थांबत असे. ‘ज्यांना हातात आलेली शेती सांभाळता आली नाही, ते आपल्या दारिद्र्याचा दोष दुसऱ्याला देतात!’ या वाक्यावर टाळ्या हमखास येत.

एका गावी भाषण संपल्यावर एक गृहस्थ व्यासपीठापाशी आले. स्वतः पॉलीहाऊसवाले. टाळ्यांशी त्यांना काही देणेघेणे नव्हते. त्यांनी विचारले, “कागद आणि नळ्या गेल्या, सांगाडे राहिले ना? मग दुरुस्ती झालीच असेल. पुढच्या हंगामाचा माल कुठे गेला?” मला उत्तर देता आले नाही. इतकी वर्षे मी शेतीची गोष्ट सांगत होतो आणि शेतकऱ्याला सर्वप्रथम सुचणारा प्रश्न मला कधी सुचलाच नव्हता!

मग शोध घेतला आणि जे हाती आले ते असे.

पहिली गोष्ट, जी दोन्ही बाजू विसरतात : करार होण्यापूर्वीच, नुकसानभरपाई वेळेवर मिळत नाही या रागाने, काही ज्यू शेतकऱ्यांनी सुमारे निम्मी हरितगृहे स्वतःच मोडली होती. दुसरी गोष्ट : लूट झाली हे शंभर टक्के खरे, परंतु तिच्यात सारे नष्ट झाले हे खरे नाही. बहुतांश हरितगृहे उभी होती. पॅलेस्टिनी प्राधिकरणाने पैसा घातला, पहारा वाढविला, नळ्या पुन्हा बसविल्या. साडेतीन-चार हजार मजुरांच्या हाताला काम मिळेल अशी अपेक्षा होती. २००५ च्या अखेरीस स्ट्रॉबेरी, टोमॅटो, मिरची तयार झाली. युरोपात भाव असतो तो नेमका याच थंडीच्या दिवसांत.

आता माल बाहेर जायचा तो कार्नी नाक्यावरून. तेथील पद्धत समजून घेतल्याशिवाय पुढचे कळणार नाही. गाझाचा ट्रक इस्रायलमध्ये जात नसे. भिंतीच्या अलीकडे माल उतरवायचा, त्याची तपासणी व्हायची आणि पलीकडे तो दुसऱ्या ट्रकमध्ये भरायचा. नाशवंत माल असा दोनदा हाताळायचा, तोही उन्हातान्हात रांगेत ताटकळून. १५ नोव्हेंबर २००५ रोजी अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री कोंडोलिझा राईस यांच्या मध्यस्थीने करार झाला, की वर्षाअखेरीपर्यंत येथून रोज दीडशे ट्रक निर्यात व्हावेत आणि पुढच्या वर्षाच्या अखेरीस चारशे. प्रत्यक्षात दीडशेचा आकडाही दूरच राहिला. जानेवारी २००६ च्या मध्यापासून नाका कित्येक आठवडे बंद झाला. थोडा उघडला, पुन्हा बंद झाला. फळे पेटीतच सडली, रस्त्याकडेला ओतली गेली. वुल्फेन्सन यांनी स्वतः हे पाहिले. नाक्यावर दोन्ही बाजूंना चालणाऱ्या लाचखोरीविषयीही त्यांनी पुढे उघड नाराजी व्यक्त केली. त्यानंतर काही महिन्यांतच त्यांनी दूतपद सोडले आणि तो सारा प्रकल्प बुडाला. लुटीतून जे वाचले होते, ते नाक्यावर मेले.

हे ऐकून आपल्यातील काही मंडळी अस्वस्थ झाली असतील. थोडे थांबा. ‘गाझा म्हणजे उघडा तुरुंग’ हे ज्यांच्या प्रत्येक लेखाचे पालुपद असते, ते आपले विचारवंत आपली गोष्ट नेमकी या बंद नाक्यापासून सुरू करतात. नाका का बंद होत होता, हा प्रश्न त्यांना पडत नाही. १३ जानेवारी २००५ रोजी याच कार्नी नाक्यावर पॅलेस्टिनी दहशतवाद्यांनी स्फोट घडवून गोळीबार केला आणि ६ इस्रायली नागरिकांना ठार केले. गाझाची भाकरी ज्या दारातून येत-जात होती, त्याच दारावर हा हल्ला! ज्या नाक्यावर पेटीतून टोमॅटोही येऊ शकतो आणि बॉम्बही, तेथील पहारेकऱ्याच्या जागी स्वतःला उभे करून पाहावे. २५ जानेवारी २००६ च्या निवडणुकीत पॅलेस्टिनी मतदारांनी १३२ पैकी ७४ जागा हमासच्या पदरात टाकल्या. जूनमध्ये सीमेखालून भुयार खणून गिलाद शालित या सैनिकाला पळविण्यात आले. त्याच्या सुटकेला पाच वर्षे लागली. जून २००७ मध्ये हमासने फतहच्या आपल्याच बांधवांना गोळ्या घालून, काहींना इमारतींवरून खाली फेकून गाझाची सत्ता बळकावली. त्यानंतरची नाकेबंदी इस्रायलने केली आणि इजिप्तनेही केली, या उत्तरार्धाचा उल्लेख आपल्या वृत्तपत्रांत क्वचितच आढळतो.

म्हणजे भांडण कशाचे आहे? घटना बहुतेकांना मान्यच आहेत. भांडण आहे ते गोष्ट कोणत्या तारखेपासून सुरू करायची याचे. सप्टेंबर २००५ मध्ये सुरू करून त्याच महिन्यात संपवली की दोष पॅलेस्टिनींचा. जानेवारी २००६ मध्ये सुरू केली की दोष इस्रायलचा.

१९४८ च्या निर्वासितांबाबतही हेच. सुमारे सात लक्ष पॅलेस्टिनी अरब घरदार सोडून गेले. अरबांचे कथन त्यांच्या हकालपट्टीपासून सुरू होते. २९ नोव्हेंबर १९४७ चा फाळणीचा ठराव ज्यूंनी स्वीकारला, अरबांनी फेटाळला आणि युद्ध पुकारले, हे त्यात नसते. ज्यूंचे जुने कथन म्हणत असे, की ते सारे आपल्या पुढाऱ्यांच्या सांगण्यावरून गेले. बेनी मॉरिस या इस्रायली इतिहासकाराने १९८८ साली इस्रायलचीच कागदपत्रे धुंडाळून दाखविले, की कित्येक ठिकाणी भीतीने, कित्येक ठिकाणी लढाईच्या लोंढ्यात आणि कित्येक ठिकाणी सरळ हाकलून दिल्याने लोक गेले. एका राष्ट्राच्या जन्मकथेची अशी चिकित्सा त्याच राष्ट्रात छापली जाते. मला त्या राष्ट्राविषयी आदर वाटतो, तो यासाठीही. पुढच्या काळात अरब देशांतूनही लक्षावधी ज्यूंना निघावे लागले. इस्रायलने त्यांना नागरिक केले. जॉर्डनने आपल्याकडील बहुतेक पॅलेस्टिनींना नागरिकत्व दिले. लेबनॉनने मात्र दिले नाही आणि अनेक व्यवसायही त्यांना बंद ठेवले. १९६७ पर्यंत गाझा इजिप्तच्या ताब्यात होता. त्यानेही तेथील लोकांना आपले म्हटले नाही. छावणीत जन्मलेल्या तिसऱ्या पिढीच्या दुःखाचा वाटा या ‘अरब बंधूं’च्या नावावरही लिहावा लागेल.

आणि आता अलीकडचे. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने सुमारे १,२०० जणांना ठार केले, २५१ जणांना ओलीस नेले. घराघरांत शिरून लहान मुलांना, वृद्धांना मारले. त्या दिवसाला कोणतेही ‘परंतु’ जोडण्याची माझी तयारी नाही. त्यानंतरच्या युद्धात, ऑक्टोबर २०२५ मध्ये शस्त्रसंधी होईपर्यंत, गाझाच्या आरोग्य खात्याच्या मोजणीनुसार ६७ हजारांहून अधिक माणसे मेली. हे खाते हमासच्या कारभाराखालचे, आणि लढणारे किती व निरपराध किती याची विभागणी त्या आकड्यात नाही, हे सांगितलेच पाहिजे. परंतु त्यांत हजारो मुले होती, हेही सांगितलेच पाहिजे. २ मार्च २०२५ पासून सुमारे अकरा आठवडे इस्रायलने गाझात अन्न जाऊ दिले नाही. त्याच ऑगस्टमध्ये संयुक्त राष्ट्रांचा पाठिंबा असलेल्या तज्ज्ञांनी गाझा शहर व परिसरात दुष्काळ असल्याचे जाहीर केले. इस्रायलने ते नाकारले. हमास धान्य पळवतो, असे सांगितले. रुग्णालयांखाली भुयारे खणणाऱ्याने आपल्याच लोकांना ढाल केले, हे खरेच. पण दारावर पहारा ज्याचा, त्याला दाराआड उपाशी असलेल्या मुलाविषयी विचारले जाणारच. पहिल्याचे उत्तरदायित्व मांडले म्हणून दुसऱ्याचे पुसले जात नाही.

त्या पॉलीहाऊसवाल्या गृहस्थांना मी हे सारे पत्राने कळविले. त्यांचे उत्तर आले, चार ओळींचे. कार्नी नाका आता उघडा आहे का, एवढेच त्यांनी विचारले होते. तो २०११ साली कायमचा बंद झाला.

वेळ संपत आली आहे. पुढचा अर्धा तास प्रश्नांसाठी राखून ठेवला आहे, म्हणून येथेच थांबतो.