आघातानंतरचे सावरणे : एका भाषाशिक्षकाचे मनोगत



मोठ्या बाईंच्या स्मृतिप्रीत्यर्थ होणाऱ्या या व्याख्यानासाठी चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी संतसाहित्यावर काही बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी सुचविलेला विषय ऐकून ते क्षणभर थबकले. लैंगिक अत्याचारानंतर मनाला जडणारा आजार, त्यावरील उपचार आणि त्यातून सावरणे, हा तो विषय. मी वैद्य नाही. जन्मभर मराठी शिकवीत आलेला माणूस आहे. तेव्हा हा विषय का घेतला, ते आधी सांगायला हवे.

पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील एका मुलीने 'एक अविस्मरणीय प्रसंग' या ठरावीक विषयावर निबंधाच्या वहीत तीन पाने लिहिली. निवेदन तृतीयपुरुषी होते. 'एक मुलगी', तिच्या घरी येणारे कोणी 'काका', दुपारची वेळ. मजकूर मध्येच तुटला होता. मी ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, 'शेवट अपुरा' असा लाल शाईने शेरा मारला आणि दहापैकी सहा गुण दिले. वीसएक वर्षांनी तिचे पत्र आले. ती 'एक मुलगी' कोण होती, हे त्या पत्रात होते. हे सारे तिच्या संमतीने सांगतो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्या पत्रानंतर या विषयावर जे मिळेल ते मी वाचू लागलो.

या आजाराला इंग्रजी नावावरून पीटीएसडी म्हणतात. मराठीत आघातोत्तर तणाव विकार. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० मध्ये आपल्या निदानपुस्तिकेत त्याला स्थान दिले. व्हिएतनामच्या युद्धावरून परतलेल्या सैनिकांमुळे ते घडले, असे सामान्यतः सांगितले जाते. परंतु त्याच्या सहा वर्षे आधी, १९७४ मध्ये, अॅन बर्जेस आणि लिंडा होल्मस्ट्रॉम या दोन विदुषींनी बोस्टनच्या रुग्णालयात आलेल्या अत्याचारित स्त्रियांशी बोलून हीच लक्षणे नोंदविली होती. प्रसंग पुनःपुन्हा डोळ्यांपुढे उभा राहणे, झोप उडणे, दचकणे, त्या वाटेने, त्या वासाने, त्या आवाजाने जीव घाबरा होणे, माणसे टाळणे. आमच्या व्याकरणाच्या भाषेत सांगायचे, तर भूतकाळाला वर्तमानकाळाचे प्रत्यय लागतात. 'ते झाले' असे म्हणताच येत नाही. 'ते होते आहे' असेच मन म्हणत राहते.

सर्वांनाच तो जडतो असे नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, बलात्कारानंतर सुमारे बारा दिवसांनी ९४ टक्के स्त्रियांत ही लक्षणे आढळली. तीन महिन्यांनी ४७ टक्क्यांत. याचा अर्थ बऱ्याच जणी आपोआप सावरतात. ज्या सावरत नाहीत, त्यांना 'काळ हेच औषध' असे सांगून आपण वर्षानुवर्षे ताटकळत ठेवतो.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. 'ती ओरडली का नाही?' हा आपला पहिला प्रश्न असतो. १९७२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस चौकीत घडलेल्या मथुरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आरोपींना निर्दोष सोडले, तेव्हा अंगावर जखमा नाहीत, प्रतिकार दिसत नाही, हाच मुद्दा प्रमुख होता. त्या निकालाविरुद्ध १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार यांनी खुले पत्र लिहिले आणि पुढे १९८३ मध्ये कायदा बदलला. शरीराची बाजू मात्र नंतर उजेडात आली. २०१७ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी स्टॉकहोमच्या तातडीच्या उपचारकेंद्रात आलेल्या २९८ स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतील ७० टक्के स्त्रियांचे शरीर त्या वेळी लक्षणीय प्रमाणात थिजून गेले होते. हातपाय हलेनात, आवाज फुटेना. आणि ज्या अशा थिजल्या, त्यांना पुढे हा आजार अधिक प्रमाणात जडला. येथे अहल्येची शिळा आठवणे स्वाभाविक आहे. तथापि वाल्मीकींच्या रामायणात अहल्या शिळा होत नाही. ती भस्मात पडून, कोणालाही न दिसता राहते. मला तेच वर्णन अधिक खरे वाटते.

ओरडू न शकलेली स्त्री पुढे स्वतःलाच दोषी धरते. तिला तशी भाषाही आपण आयती पुरवितो. 'अब्रू' या फारसी शब्दाचा मूळ अर्थ चेहऱ्याचे पाणी, तेज. अत्याचार दुसऱ्याने केला आणि तेज हिचे गेले, असा हा हिशेब आहे. 'शीलभ्रष्ट' हा शब्दही तसाच. इंदुरातील आपला मराठी समाज लहान. कोण कोणाच्या घरचे, हे सर्वांना ठाऊक. त्यामुळे आपल्याकडे झाकपाक जरा अधिकच.

पॅट्रिशिया रेसिक यांनी बलात्कारपीडित स्त्रियांसाठी बसविलेली उपचारपद्धती नेमकी या हिशेबालाच हात घालते. साधारण बारा बैठकी असतात. 'मी दार उघडले, म्हणून झाले' असे जे वाक्य मनात रुतून बसलेले असते, ते कागदावर उतरवून त्याचा पुरावा तपासायचा. दुसरी पद्धत एड्ना फोआ यांची. तीत तो प्रसंग उपचारकासमोर डोळे मिटून, वर्तमानकाळात, पुनःपुन्हा सांगायचा. त्याचे ध्वनिमुद्रण घरी ऐकायचे. सुरक्षित असूनही टाळलेल्या जागी हळूहळू जायचे. आठवणीने जीव जात नाही, हे शरीराला अनुभवाने पटू लागते. डोळ्यांच्या हालचालींची ईएमडीआर ही पद्धतही मान्यता पावली आहे. सर्ट्रालीनसारखी औषधे काहींना उपयोगी पडतात. परंतु झोपेच्या नि चिंतेच्या गोळ्यांवर वर्षे काढणे हा या आजारावरचा उपाय नव्हे. उपचार चालू असताना मध्येच त्रास वाढल्यासारखा वाटतो. घरच्यांनी त्या वेळी 'कशाला उकरून काढतेस?' म्हणू नये.

तथापि कोणालाही बळेच बोलते करू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. घटनेनंतर लगेच एकाच बैठकीत सारे वदवून घेण्याची रीत एके काळी होती. ती आता त्याज्य मानली जाते. रेसिक यांच्या पद्धतीतही तपशीलवार लेखन न करता गुण येतो, असे २००८ मधील अभ्यासात दिसले. 'बलात्' म्हणजे बळाने. जिचे सारे बळाने घेतले गेले, तिच्याकडून हकीकतही बळाने घ्यायची नसते. कधी, कोणाला, किती सांगायचे, हे तिचे तिने ठरवायचे. मुलगा असेल, तर त्याचे त्याने; मुलांवरही हे अत्याचार होतात आणि ते बहुधा अधिकच गप्प राहतात. बालकांच्या बाबतीत मात्र २०१२ च्या कायद्याने पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे, हे शिक्षकांनी ध्यानात ठेवावे.

२०१३ पासून सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयावर अशा व्यक्तीला तत्काळ विनामूल्य उपचार देण्याचे कायद्याने बंधन आहे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या सरकारी टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६. तो शाळेच्या फलकावर लावावा, अशी माझी चालकांना विनंती आहे.

त्या विद्यार्थिनीने उपचार घेतले. बैठकी हिंदीत होत. पण घरी लिहायची पाने तिने मराठीत लिहिली आणि उपचारक बाईंना स्वतःच हिंदी करून वाचून दाखविली. आता झोप लागते, असे तिने कळविले आहे. पावसाळ्यातील बंद खोल्यांचा वास अजून सोसत नाही. पत्राच्या अखेरीस तिने विचारले होते, 'सर, ती वही आपल्याकडे असेल का?' नव्हती. मी ती गुण देऊन परत केली होती. तसे तिला लिहिले, आणि त्या शेऱ्याबद्दल क्षमा मागितली. पत्र चार वेळा लिहून फाडले, मग पाचवे टाकले.