सुईला घाबरू नका

गळ्यातल्या गाठीला सुई लावली की ती बिथरते, असं आमच्या वडनेरात आजही ऐकू येतं. माझ्या खालालाही चारजणींनी हेच सांगितलं. मी पडलो बी.ए. झालेला कवी, म्हणून डॉक्टरांनाच विचारलं. ते सांगतो.

थायरॉईडच्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात; पण नुसत्या हाताला फरक कळत नाही. रक्त काढतात त्याहून बारीक सुईनं गाठीतल्या थोड्या पेशी घेतात, काचपट्टीवर पसरून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. सुईनं रोग पसरणं अगदीच दुर्मिळ. १९६९पासून आपल्या जिल्ह्यात सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय आहे. खाला तिथं गेली. गाठ साधी निघाली.

क्वचित एखादी विरळा गाठही निघते. मेड्युलरी कर्करोगाची ओळख १९५९ साली पटली. तो कॅल्सिटोनिन बनवणाऱ्या पेशींतून होतो. त्याला किरणोत्सारी आयोडीनचा उपचार लागू पडत नाही. साधारण चार रुग्णांत एकाला तो वारशानं येतो. म्हणून रुग्णाची जनुकीय तपासणी करतात. दोष सापडला, तर भावंडांची आणि लेकरांचीही. एका सुईनं सारं घर सावध होतं.

सुईलाही मर्यादा आहे. फॉलिक्युलर कर्करोगात पेशींनी गाठीचं आवरण भेदलं का, हे शस्त्रक्रियेनंतरच दिसतं. तेव्हा अहवालात 'निश्चित सांगता येत नाही' असं आलं, तर चिडू नका. तेही प्रामाणिक उत्तरच आहे. फक्त डॉक्टरांनी दिलेली पुढची तारीख चुकवू नका.