पोलाद कारखान्यातील धर्मगुरू



आम्ही कामगार चळवळीतली माणसे. देवळाशी काय नि चर्चशी काय, आमचा संबंध बेताचाच. तरी आज एका कॅथलिक धर्मगुरूला वंदन करावयास आम्ही उभे आहोत.

पोलंडचे फादर येझी पोप्येउश्को. १९८० च्या ऑगस्टमध्ये वॉर्साच्या पोलाद कारखान्यात संप झाला. संपकऱ्यांना आवारातच प्रार्थना हवी होती. हा तरुण धर्मगुरू फाटकातून आत गेला आणि कायमचा त्यांचा झाला.

तिथले राज्य स्वतःला कामगारांचे म्हणवी. पण कामगारांनी स्वतः उभारलेली ‘सॉलिडॅरिटी’ त्याला सोसवेना. १३ डिसेंबर १९८१ रोजी लष्करी कायदा पुकारला गेला. १९८२ मध्ये संघटनेवर बंदी आली. फादर मात्र दरमहा मातृभूमीसाठी प्रार्थना घेत राहिले. वाइटाला चांगल्याने जिंका, हे त्यांचे सांगणे. १९ ऑक्टोबर १९८४ रोजी गुप्त पोलिसांनी त्यांना पळवून नेऊन ठार केले. वय अवघे ३७! पुढे १९८९ मध्ये संघटनेवरची बंदी उठली.

मंडळी, निशाण कोणत्याही रंगाचे असो. जिथे कामगाराला आपली युनियन आपण काढता येत नाही, तिथे स्वातंत्र्य नाही. आणि द्वेषावाचूनही ते मागता येते. या दोन गोष्टी त्यांनी प्राण देऊन शिकवल्या. त्या आम्ही विसरता कामा नये.