मचाणावर पंधरा तास: बसायचं कसं?

या भागाचा हा लेखी मजकूर. बोललो तसंच बहुतेक ठेवलंय, मधले 'अं' आणि 'म्हणजे कसंय' तेवढे काढलेत.

सुरू करायच्या आधी एक काम करा. आत्ता जसे बसलाय, एसटीत, हॉस्टेलच्या कॉटवर, ऑफिसच्या खुर्चीत, तसेच थांबा. हात, पाय, मान, काहीही हलवायचं नाही. मी मधेच विचारीन.

तर, बुद्धपौर्णिमा जवळ आली की इनबॉक्समध्ये एकच प्रश्न येतो: 'दादा, मचाणावर रात्रभर बसायचंय, कसं बसायचं?' कुठला प्राणी दिसेल, कॅमेरा कुठला घेऊ, हे त्याच्या नंतर. मला हे आवडतं. कारण खरा प्रश्न तोच आहे.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. वैशाखात ओढे आटलेले असतात, जंगलात पाणी मोजक्याच ठिकाणी उरतं आणि पौर्णिमेचं चांदणं बॅटरी न लावता दिसेल इतकं लख्ख असतं. म्हणून या रात्री पाणवठ्याजवळ मचाणावर बसून प्राणी मोजायची पद्धत पडली. आता वाघ-बिबट्यांची गणना कॅमेरा ट्रॅपनं होते. एकच सांबर दोनदा पाण्यावर आलं तर दोन मोजली जायची, त्यामुळे पाणवठ्यावरचा आकडा ढोबळच. वनखातं हा कार्यक्रम आता 'निसर्गानुभव' म्हणून करतं. आपल्याकडे कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून 2010 साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी असा तो पसरलाय. मी बसतो ते चांदोलीच्या बाजूला. शिराळा, कोकरूड, आरळा करत वारणावतीला जायचं, तिथून पुढे खात्याच्या गाडीनं. दुपारी चारला वर चढायचं, सकाळी सातला उतरायचं. मधे उतरायला परवानगी नाही. पंधरा तास.

मी कराडला बीटेक केलं, आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. दिवसाचे नऊ तास बसायचा पगार घेतो. पण खुर्चीतलं बसणं म्हणजे सतत हलणं असतं, हे मचाणावर गेल्यावर कळतं. आपण दर मिनिटाला कुठला तरी सांधा हलवतो आणि आपल्याला पत्ताही नसतो.

एक रात्र सांगतो. साडेनऊच्या सुमारास पाण्याच्या पलीकडच्या झाडीत सांबराची मादी आली, मागे पिल्लू. ती उघड्यावर येईना. कान आमच्या दिशेनं, एक पाय उचललेला. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. पिल्लू दोनदा पुढं झालं, दोनदा मागं गेलं. आणि तेव्हाच आमच्यातल्या एकाच्या पायाला जबरदस्त मुंग्या आल्या. त्यानं बिचाऱ्यानं खूप सहन केलं, शेवटी पाय सरळ केला. फळी करकरली. मादीनं 'ढांक' करून इशारा दिला आणि दोघं झाडीत. पहाटेपर्यंत ती परत दिसली नाहीत. त्या भागात जवळपास दुसरं पाणी नव्हतं.

म्हणून आराम हा शब्द मी इथं चैनीच्या अर्थानं वापरत नाही. तुमचं बूड दुखलं की तुम्ही हलणार, तुम्ही हललात की कुणीतरी तहानलेलं परत जाणार. दात-ओठ खाऊन सहन करणारा माणूस दोन तास टिकतो. पंधरा तास टिकतो तो नीट बसलेला माणूस.

काय, हललात का मधे? मान तरी हलली असेल. चालू द्या.

आता शरीराकडे. बसल्यावर वजन येतं ते ढुंगणाच्या दोन हाडांवर. कडक फळीवर त्यांच्याखालचा रक्तपुरवठा दबतो आणि अर्ध्या-पाऊण तासात तिथं जळजळ सुरू होते. दुसरी जागा म्हणजे मांडीची मागची बाजू. पाय खाली सोडले की फळीची कड तिथं रुतते, शिरा आणि नसा दाबते. तिसरी जागा कुणाच्या लक्षात येत नाही: गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला खाली एक बारीक हाड लागतं, त्याच्या मानेला वळसा घालून एक नस कातडीच्या अगदी जवळून जाते. पायावर पाय टाकून बसलं की ती दबते आणि पाऊल बधिर होतं. म्हणजे मुंग्या काही नशिबानं येत नाहीत, बसण्याच्या पद्धतीनं येतात.

बुडाखाली काय घ्यायचं? लोक जाड मऊ स्पंज आणतात. तो तासाभरात दबून पापड होतो. हवेची उशी आणतात, ती प्रत्येक श्वासाला कुईकुई करते. माझ्या मते सगळ्यात चांगली जोडी म्हणजे खाली योगा मॅटची दुहेरी घडी आणि वर जुनी घोंगडी. जुनीच. नव्या घोंगडीला चिंचोक्याची खळ असते, ती कडक आणि टोचरी लागते. वापरून वापरून ती मऊ पडते. माण, खटाव, आटपाडी, जतकडच्या कुठल्याही धनगराच्या घरी विचारा, घोंगडी म्हणजे काय ते तासभर सांगतील. मेंढरांमागं उघड्यावर रात्री काढणाऱ्या माणसांनी ती शेकडो वर्षं तपासून घेतलेली आहे. लोकर वाजत नाही. नायलॉनची स्लीपिंग बॅग प्रत्येक हालचालीला खसखसते. पहाटे तीन-चारला डोंगरावर मे महिन्यातही गार वारं सुटतं, तेव्हा तीच घोंगडी बुडाखालून अर्धी ओढून पाठीवर घ्यायची. थंडीनं आखडलेलं अंग जास्त चुळबुळ करतं. जड आहे, मान्य. पण न्यायची कुठं आहे, गाडीतून मचाणापर्यंत.

फळीची कड जिथं मांडीला लागते तिथं टॉवेलची गुंडाळी ठेवा. पाठ खोडाला टेकेल अशी जागा आधी धरा, कमरेच्या पोकळीत स्वेटर घाला. पाय शक्यतो लोंबते ठेवू नका. चालताना पोटऱ्या रक्त वर ढकलतात, लोंबत्या पायात ते काम थांबतं आणि सकाळपर्यंत बूट घट्ट होतात. मांडी घालणं, एक पाय लांब एक दुमडलेला, दोन्ही लांब, अशा तीन बैठका उजेड असतानाच ठरवून करून बघा. कुठली फळी कुठं करकरते तेही तेव्हाच शोधायचं.

आणि हलायचं. हो, हलायचंच. आमच्याबरोबर एक वनमजूर असतात, सगळे त्यांना मामा म्हणतात. चहा सोडला तर त्यांना कशाचीच घाई नसते. त्यांचं सांगणं असं: 'पाय मरायच्या आदी हलवायचा, मेल्यावर न्हाई. आन् वारं आलं की हला. वाऱ्याच्या नावावर खपतंय.' याच्यापेक्षा चांगलं मी कुठं ऐकलेलं नाही. दुखायला लागल्यावर हललात तर झटक्यानं हलता, आवाज होतो. दर वीस मिनिटांनी, पानं सळसळली की, बैठक बदलायची. हळू, मनात तीस अंक मोजत. त्या मधल्या वेळात घोंगडीखाली बोटं आवळायची, सोडायची, घोटे फिरवायचे. बाहेरून काही दिसत नाही आणि रक्त फिरत राहतं.

खाण्याचं पटकन. कुरकुरीत काही नको. चिक्की तोडल्याचा आवाज रात्री फटाक्यासारखा येतो, शेंगा सोलणं तर विसराच. दशमी, चपातीचा रोल, खजूर, केळी. सगळं कापडात बांधून, प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही. स्टीलचा डबा, स्टीलची बाटली फडक्यात गुंडाळा. दुपारच्या जेवणात मटकीची उसळ टाळा, कारण स्पष्ट करत नाही. खोकल्यासाठी खडीसाखर आणि लवंग खिशात. डासांसाठी उग्र वासाचं मलम फासण्यापेक्षा पूर्ण बाह्या, मोजे आणि कानाला मफलर.

लघवीचं कुणी विचारत नाही, सगळ्यांना जाणून घ्यायचं मात्र असतं. बरेच जण त्या भीतीनं दुपारपासून पाणीच बंद करतात. मे महिन्याच्या उन्हात हे धोक्याचं आहे. डोकं दुखतं, पोटऱ्यात गोळे येतात आणि गोळा आल्यावर कुणीही शांत बसू शकत नाही. चढायच्या आधी जाऊन या, वर थोडं थोडं पाणी पीत राहा, घट्ट झाकणाचा रुंद तोंडाचा डबा न्या आणि सकाळी तो परत आणा. मुलींनी सैल कपडे आणि एक मोठी ओढणी किंवा चादर. आमच्या गटातल्या मुली त्याचाच आडोसा करतात आणि कुणाचं काही अडत नाही.

मोबाइल बंद. सायलेंट नाही, बंद. स्क्रीनचा उजेड तुमच्या तोंडावर पडतो आणि पाणवठ्यावरून तुम्ही गणपतीच्या आराशीसारखे दिसता. माझा पॉडकास्टसुद्धा ऐकायचा नाही. तिथं कान हवेत.

अमेरिकेत वसंत ऋतूत टर्की, म्हणजे तिथल्या रानटी मोठ्या कोंबड्याची शिकार चालते. ते लोक जमिनीवर, खांद्यांपेक्षा रुंद खोडाला पाठ लावून, बुडाखाली गादी घेऊन बसतात. पाठीला आधार मिळतो आणि माणसाचा आकार खोडात मिसळून जातो. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद आणि ती बंदच बरी. पण खोडाची युक्ती घ्यायला हरकत नाही. आपला रानकोंबडा त्या टर्कीइतकाच बेरकी. पहाटे फटफटलं की त्याची बांग येते, बांग आली म्हणजे तो जवळ आहे, आणि तुम्ही नेमके चौदा तास बसून कंटाळलेले असता. बरेच जण याच वेळी आळस देतात, बॅगेची चेन ओढतात. नका. शेवटचा तास सगळ्यात चांगला असतो. एकदा नर पाण्याच्या कडेला आला, मानेवरची ठिपक्यांची पिसं उन्हात चकाकली, तीन घोट, प्रत्येक घोटानंतर मान वर. एवढंच. मामा शेजारी बसून विडीच्या बंडलाला नुसता हात लावत होते, पेटवत नव्हते.

शेवटचं, उतरण्याचं. सात वाजले, खालून गाडीचा आवाज आला की लगेच शिडीवर पाय ठेवू नका. पाय तुमचे नसतात तेव्हा. वरच उभं राहून खोडाला धरा, टाचा वीस वेळा उचला, गुडघे वाकवून बघा. पाऊल बधिर असेल तर ते जाईपर्यंत थांबा. सामान आधी दोरीनं खाली सोडा, दोन्ही हात मोकळे ठेवा आणि शिडीकडे तोंड करून उतरा. घोंगडी खाली टाकू नका, धूळ उडते आणि मामा रागावतात.